निजलेल्यांची राखण

“सहा महिने कीर्तन बंद,” डॉ. शबाना मुजावर म्हणाल्या. सहा महिने लोणचं बंद म्हणावं, इतक्या सहज म्हणाल्या.

अच्युत सांगवीकर खुर्चीत ताठ झाला. शेजारी त्याची बायको मृण्मयी पर्सच्या बंदाशी चाळा करत बसली होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

“डॉक्टर, पाडवा तोंडावर आलाय,” अच्युत म्हणाला. “पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज कीर्तन असतं आमच्या राममंदिरात. देवाला काय सांगू मी? यंदा जन्म जरा पुढं ढकल म्हणून?”

“देवाला सांगावं लागत नाही बुवा, त्याला कळतं. तुम्ही विश्वस्तांना सांगा.” डॉक्टरीणबाई हसल्या, पण समोरचा पडदा या दोघांकडे वळवताना त्यांचं हसू मावळलं. पडद्यावर मोहरीएवढे ठिपके ओळीनं मांडले होते. बहुतेक हिरवे, मधूनमधून पिवळे. “हे पिवळे बघा. यातला एकूण एक ठिपका तुमच्या कीर्तनाच्या दिवशीचा आहे. मी तारखा लावून पाहिल्या. तासन्‌तास उभं राहणं, तो अंगरखा, घाम, ताण. नेमकं कशानं होतं ते आज मला सांगता येणार नाही. पण चोर कीर्तनाच्या मांडवातच आहे, एवढं नक्की. आणि एकदा झोपमोड झाली, की ती खेप वाया गेलीच.”

ही झोपमोड कुणाची, ते आधी सांगायला हवं.

पुरुषाच्या देहात बीजं तयार होतात एका जागी आणि पिकतात दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा म्हणजे एक बारीकशी नळी. उलगडून उभी केली तर दुमजली घराच्या कौलाला लागेल, पण विधात्यानं ती वेटोळी घालून बोटाएवढ्या जागेत बसवली आहे. शुक्रबीजं या नळीतून सावकाश सरकतात आणि शेवटच्या वळणावर मुक्काम करतात. मुक्काम करतात म्हणजे निजतात. त्यांना निजवतं ते नळीतलं किंचित आंबट पाणी. शाळेतल्या भाषेत बोलायचं तर त्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या खाली असतो. नळीच्या भिंतीत काही पेशी केवळ हे आंबटपण राखायला नेमलेल्या असतात. त्यांच्या पोटात एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम, आणि त्या विकराच्या गाभाऱ्यात जस्ताचा एकच अणू. कार्बन डायऑक्साइड आणि साधं पाणी घेऊन हे विकर पापणी लवायच्या आत त्यांचे दोन वाटे करतं. एक आम्लाचा आणि एक बायकार्बोनेटचा. आम्ल पंपानं नळीत ढकललं जातं, बायकार्बोनेट मागच्या दारानं रक्तात निघून जातं. कारण बायकार्बोनेट हा या निजलेल्यांचा गजर आहे. मीलनाच्या क्षणी दुसऱ्या ग्रंथींचा रस येऊन मिसळतो, त्यात हा गजर भरपूर असतो, आणि मग कोट्यवधी शेपट्या एकदम जाग्या होऊन धावत सुटतात. पण तो मुक्कामावरच वाजला, तर बिचारी जागच्या जागी धावून थकतात. खरी वेळ येते तेव्हा त्यांच्यात त्राण उरत नाही.

अच्युतच्या पेशींतलं हे विकर जन्मापासूनच आळशी होतं. जुन्या तपासण्यांत त्याची बीजं ‘जरा मंद’ एवढीच दिसत. आणि ‘जरा मंद’ असलेल्या नवऱ्याला सोडून डॉक्टर लोक वर्षानुवर्षं मृण्मयीलाच तपासत राहिले. रक्त, सोनोग्राफी, इंजेक्शनं, पुन्हा रक्त.

मग तीळ आला. तीळ हे लोकांनी ठेवलेलं नाव. डबीवर भलतंच लांबलचक काही लिहिलेलं असे. तिळाएवढाच तो दाणा एका सुईनं त्या नळीपाशी नेऊन बसवायचा. त्याच्या अंगावर तेच विकर लेपलेलं. शरीरातलं विकर कमी पडलं की हा हातभार लावणार, पुरेसं झालं की गप्प बसणार, आणि दिवसातून कितीदा तरी आतला सामू मोजून मनगटावरच्या पट्टीला कळवणार. हिरवा ठिपका म्हणजे सगळे गाढ झोपेत. पिवळा म्हणजे चुळबुळ सुरू झाली.

या तिळानं गावोगावच्या बोलण्याची तऱ्हाच बदलून टाकली. स्थळं पाहताना मुलीकडचे लोक पत्रिकेच्या आधी मुलाचा सामू विचारू लागले. “मुलगा देखणा आहे, नोकरी आहे, पण सामू जरा चढा आहे म्हणे,” असं बायका हळदीकुंकवात एकमेकींच्या कानाला लागून सांगू लागल्या. मुलगी पाहायला जाताना मित्राची पट्टी उसनी बांधून गेलेल्या एका नवरदेवाची गोष्ट तर साऱ्या कृष्णाकाठी गाजली. पोर व्हायला उशीर झाला, की लोकांची मान आपोआप सुनेकडे वळायची. ती आता क्षणभर अडखळून मुलाकडेही वळू लागली होती.

सांगवीकरांच्या घरात मात्र ती मान अजून कुणी वळवली नव्हती. अच्युतनं तीळ बसवून घेतला होता, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आणि घरात आईला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “बरं. काय ते नीट करा.”

॥ ॥

मिरजेहून कुरुंदवाडला येणाऱ्या विजेच्या बसमध्ये दोघं खिडकीशी बसली होती. उसाचे मळे मागं पडत होते.

“मी विश्वस्तांना आजच फोन करतो,” अच्युत म्हणाला.

“काय सांगणार आहेस?” चारचौघांत मृण्मयी त्याला अहो म्हणे, दोघंच असताना तू.

“घसा बसलाय म्हणून सांगतो.”

“सहा महिने?”

“मग काय सांगू? देवळाच्या फळ्यावर लिहून लावू काय झालंय ते?”

मृण्मयी खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “अच्युत, मूल मला हवंय. तुझ्याइतकंच हवंय. पण लग्नाआधी मी तुला पहिल्यांदा बघितलं ते उभं राहून गाताना. हातात झांज, डोळे मिटलेले, आणि समोरची सगळी बायामाणसं रडतायत. मला ते मूल त्या माणसाचं हवंय. घसा बसलाय म्हणून घरात बसलेल्या माणसाचं नकोय.”

“सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे.”

“पुढच्या वेळी वर्षाचा असेल. आणि तू घरात बसून माझ्याकडे कसा बघशील, ते मला आत्ताच दिसतंय.”

अच्युतच्या घराण्यात कीर्तन सोडलेला माणूस झालाच नव्हता. वडील गोविंदबुवा याच मंदिरात हयातभर उभे राहिले. आवाज त्यांचा, झांज त्यांची, इतकंच काय, पण कीर्तनाआधीचे सगळे नेमही त्यांचेच अच्युतनं जसेच्या तसे उचलले होते. उजवं पाऊल आधी टाकायचं, पागोटं आईनं हातात द्यायचं, पेल्यातलं पाणी आईच्याच हातून प्यायचं, मग कुणाशी बोलायचं नाही. त्याच्या लेखी हे सगळं मिळून कीर्तन होतं. त्यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं?

घरी सुनंदाबाई, म्हणजे त्याची आई, ओसरीवर सुंठ निवडत बसल्या होत्या. नवमीच्या सुंठवड्याची तयारी त्यांच्या घरी पंधरवडाभर आधी सुरू होई.

“काय म्हणाली डॉक्टरीण?”

अच्युतनं सांगितलं. सुनंदाबाईंचा हात सुपातच राहिला.

“कीर्तनानं मूल होत नाही?” त्या म्हणाल्या. “कीर्तनानं? अरे, तुझ्या वडिलांनी कीर्तन संपवून पागोटं काढलं, तेव्हा निरोप आला होता तू झाल्याचा. भर सभेत पेढे वाटले त्यांनी.”

“त्यांची राखण चांगली होती, आई,” मृण्मयी म्हणाली. “यांच्यात ती कमी आहे. जन्माचीच.”

सुनंदाबाईंनी सुनेकडे बघितलं. पुन्हा सुंठ निवडू लागल्या, पण खडे राहून जात होते आणि चांगली सुंठ बाजूला पडत होती.

॥ ॥

नवमीला दुपारी बारा वाजता देवाचा जन्म होई. पाळणा सजवलेला असे, गुलाल उधळला जाई, आणि पाळण्याची रेशमी दोरी सर्वांत आधी कीर्तनकाराच्या घरच्या बाईच्या हातात दिली जाई. ती दोन झोके देई आणि मग ज्यांच्या कडेवर पोरं, अशा सुवासिनींना एकेक करून बोलवी. सुनंदाबाई दर वर्षी दोरी धरत. मृण्मयी मागच्या खांबापाशी सुंठवड्याची परात घेऊन उभी राही. तिला कुणी ‘येऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. ‘ये’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. अच्युत पाळणा गात असे तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असत, त्यामुळे त्याला तो खांब दिसत नसे. निदान तो स्वतःला तसं सांगे.

विश्वस्तांना त्यानं फोन केला. पण पाडव्याच्या अलीकडच्या एकादशीचं एक कीर्तन नदीपलीकडच्या गावात कबूल झालेलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून तेवढं शेवटचं करायचं ठरलं. पेटी वाजवायला दिगूकाका कुंभोजकर सायकलला पेटी बांधून दारात हजर झाले. गोविंदबुवांच्या वेळेपासूनचा हा माणूस. तोंडात तंबाखू, आणि कुणाची गय नाही.

“बुवा, घसा बसलाय असं ऐकलं. बसलाय का बसवलाय?”

“काका, तुम्ही पेटी नीट वाजवा म्हणजे झालं.”

“माझी पेटी कधी बसली नाही. बसली तर मीच तिच्यावर बसेन.”

अच्युतनं अंगरखा चढवला, पागोटं घेतलं आणि सवयीनं स्वयंपाकघराकडे हात केला. “आई, पेला.”

सुनंदाबाईंनी पेला दिला. त्यानं घटाघटा संपवला. मृण्मयी ओट्यापाशी भगर निवडत होती. खाण्याच्या सोड्याची बरणी फळीवर वरच राहिली होती. एरवी कीर्तनाआधी पेल्यात सोडा घालायला ती खाली येई.

“आई, आज सोडा नाही घातलात?” तिनं सहज विचारलं.

“आज एकादशी,” सुनंदाबाई म्हणाल्या. “एकादशीला सोडा कसला? तो काय फराळाचा जिन्नस आहे?”

अच्युत न बोलण्याचा नेम विसरून दारातून मागं वळला. “म्हणजे मला एकादशीला सोडा देत नाहीस तू?”

“नाही. कोमट पाणी देते. यांनाही तसंच द्यायची.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीस?”

“तू चव घेऊन पितोस का? म्हशीसारखा एका दमात रिकामा करतोस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

दिगूकाका फिस्सकन हसले. अच्युतही हसला आणि सायकलच्या मागं चालू लागला. पण मृण्मयी हसली नाही. तिच्या हातातली भगर ताटात तशीच राहिली. डॉक्टरांचं वाक्य तिला आठवत होतं. एकूण एक पिवळा ठिपका कीर्तनाच्या दिवशीचा. बरोबर. पण एकूण एक कीर्तन पिवळं होतं का? ते कुणी पाहिलंच नव्हतं.

तिनं फोनवर पट्टीचे जुने ठिपके उघडले. मग भिंतीवरचं पंचांग काढलं. एकादशीची कीर्तनं शोधून काढायला तिला फार वेळ लागला नाही. त्या सगळ्या दिवसांवर हिरवा ठिपका होता.

त्या दिवशीही अच्युत परत आला तेव्हा पट्टी हिरवीच होती.

॥ ॥

“बायकार्बोनेट!” पडद्यावरच्या डॉ. मुजावर कपाळाला हात लावून म्हणाल्या. “अहो, खाण्याचा सोडा म्हणजे दुसरं काय आहे? मी तुम्हाला औषधं विचारली, व्यसनं विचारली, तंबाखू विचारली. सोडा नाही विचारला!”

“आम्ही त्याला औषध धरतच नाही,” अच्युत म्हणाला. “जेवणानंतर उभं राहिलं की आम्लपित्त वर येतं, वरचा सूर फाटतो. म्हणून वडील घ्यायचे. चांगला डावभर.”

“डावभर?”

“लहान डाव,” मागून सुनंदाबाई घाईनं म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. धडधाकट माणसानं सोडा घेतला, तर मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात आणि त्या नळीतल्या पेशीही गजराची चाहूल लागताच आपले पंप जास्त जोरानं चालवतात. म्हणून गोविंदबुवांना काही झालं नाही. पण अच्युतच्या पेशी मुळातच कशाबशा पुरवत होत्या. तिळाच्या आधारानं त्या सावरल्या, की वरून पेलाभर गजर ओतला जाई.

“पण थांबा,” त्या म्हणाल्या. “इतक्यात पेढे वाटू नका. एकादशीला तुम्ही उपाशीही असता. कदाचित ती उपासाची करामत असेल, सोड्याची नसेल. मला एक कीर्तन असं हवं, की पोटभर जेवण, नेहमीचा अंगरखा, नेहमीचा घाम, सगळं नेहमीचं. फक्त सोडा नाही. ते हिरवं राहिलं तर खुशाल कीर्तनं करा. पिवळं झालं तर सहा महिने गप्प बसायचं, आणि वाद घालायचा नाही. कबूल?”

अच्युतनं मृण्मयीकडे बघितलं.

“कबूल,” ती म्हणाली. “पाडव्याचं कीर्तन. त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंडपुरी असते.”

“मग तर परीक्षाच,” डॉक्टर म्हणाल्या.

फोन बंद झाला. सुनंदाबाई उठल्या, फळीवरची सोड्याची बरणी काढली आणि परसात नेऊन भांडी घासायच्या दगडापाशी ठेवली. बराच वेळ त्या आत आल्या नाहीत. मृण्मयी बाहेर गेली तेव्हा त्या दगडावर बसल्या होत्या.

“माझ्याच हातानं दिला गं,” त्या म्हणाल्या. “आणि मनात सगळं तुझ्या माथी मारत राहिले.”

मृण्मयी शेजारी बसली. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. मागच्या खांबाबद्दल तर कितीतरी. ती म्हणाली, “पितळ चकचकीत निघतं सोड्यानं. समया घासू या का? पाडवा आलाय.”

दोघी समया घासत बसल्या.

॥ ॥

पाडव्याला सुनंदाबाईंनी लेकाच्या ताटात श्रीखंडाचा डोंगर रचला. “घे अजून. डॉक्टरीणबाईंचाच हुकूम आहे.”

अच्युत हुकुमाप्रमाणे जेवला. संध्याकाळी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. घसा बसलेले बुवा उभे राहणार म्हटल्यावर, एरवी न येणारेही आले होते. मृण्मयी बायकांच्या पहिल्या रांगेत बसली, फोन मांडीवर, पदराखाली. पिवळा ठिपका एरवी आख्यान रंगात आलं की उगवायचा. मध्ये काही खूण करायची नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

नमन झालं. पहिल्याच चढ्या सुरात अच्युतला छातीत जळजळ जाणवली. श्रीखंड वर यायला बघत होतं. आवाजाला चरा गेला. पुढच्या रांगेत दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अच्युतनं झांज थांबवली आणि पेटीकडे वाकला.

“काका, एक पट्टी खाली.”

“वडिलांच्या पट्टीखाली जाणार?”

“जाणार.”

दिगूकाकांनी त्याच्याकडे रोखून बघितलं, मग बोटं खाली सरकवली. अच्युतनं सूर लावला. तो खाली, भरदार लागला, आणि त्याचा त्यालाच नवा वाटला. इतकी वर्षं तो वडिलांच्या उंचीवर गात होता. स्वतःची उंची त्यानं कधी चाचपलीच नव्हती.

आणि त्या सुराबरोबर त्याच्या मनातलं काहीतरी सैल झालं. निरूपणासाठी त्यानं वेगळा विषय योजला होता. तो बाजूला ठेवून तो म्हणाला:

“मंडळी, आज तुम्हाला झोपेची महती सांगतो. हसू नका, तुमच्यातले निम्मे माझ्या कीर्तनात तीच घेतात.”

हशा झाला.

“तुमच्या-आमच्या देहात देवानं एक धर्मशाळा बांधलीय. तिथं उद्याची लेकरं मुक्कामाला असतात. निजलेली असतात. आणि त्यांच्या उशाशी एक राखणदार उभा असतो. इतका लहान, की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. त्याचं काम एकच. गलबला होऊ द्यायचा नाही. वेळ आली की बाहेरून हाक येते, तेव्हा सगळी उठून धावतात. पण राखणदार दुबळा असला तर? अवेळी हाक पडते, लेकरं उठतात, दारातच धावून दमतात. मंडळी, असा दुबळा राखणदार ज्याच्या देहात आहे, तो माणूस तुमच्यासमोर उभा आहे.”

पेटीवर दिगूकाकांची बोटं थबकली.

“इतकी वर्षं तुम्ही माझ्या घरात डोकावून बघितलं. कुणी नवस सांगितले, कुणी अंगारे दिले. सगळं प्रेमानंच दिलंत. पण दिलंत कुणाला? हिला.” त्यानं झांजेच्या हातानं मृण्मयीकडे दाखवलं. “आणि मी डोळे मिटून गात होतो. आज उघडे ठेवून गातो. राखणदार माझा दुबळा आहे. आता त्याला औषधाचा आधार आहे. आणि वर मीच कीर्तनाआधी रोज पेलाभर हाकाटी पीत होतो, ते आता बंद केलंय. आजचं कीर्तन ही त्याचीच परीक्षा आहे. मनगटावरचा ठिपका हिरवा राहिला तर मी तुमच्यासमोर उद्याही उभा राहीन. पिवळा झाला तर सहा महिने रामराम.”

मग तिथंच उभ्या उभ्या जुळवलेली ओवी त्यानं खालच्या सुरात धरली:

“निजेल त्याला निजू द्यावे । हाकाटीने न उठवावे ।
आपुल्या वेळे जागे व्हावे । ज्याचे त्याने ॥”

दिगूकाकांनी ती पेटीवर उचलली, आणि बघता बघता साऱ्या मंदिरानं.

पुढं आख्यान सुरू झालं, पण पहिल्या रांगेचं त्यात निम्मंच लक्ष होतं. बुवांनी सगळं उघड केल्यावर मृण्मयीच्या पदराखाली काय आहे ते कळायला कुणाला वेळ लागला नव्हता. डावीकडून एक डोकं वाकलं, उजवीकडून दोन. मागच्या बायका गुडघ्यांवर उठल्या. मृण्मयीनं आधी फोन झाकायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि तो सगळ्यांना दिसेल असा मांडीवर मांडला. आख्यान रंगात आलं. अच्युत घामानं निथळत होता, अंगरखा पाठीला चिकटला होता, छाती जळतच होती. त्याला फक्त बायकांची डोकी दिसत होती, मोहोळासारखी एकत्र आलेली, आणि त्यांच्या मधोमध बायकोचा खाली झुकलेला भांग. तो कडव्यामागून कडवं गात राहिला. भैरवी जवळ आली.

एवढ्यात बनूमावशी, सत्तरी ओलांडलेली, कानानं जरा कमी, आणि म्हणूनच आवाजानं जास्त, ताडकन उभी राहिली.

“हिरवा हाय, बुवा! अजून हिरवाच हाय!”

मंदिर नुसतं फुटलं. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी देवाचा जयजयकार केला. दिगूकाकांच्या तोंडातला तंबाखू बाहेर यायचा राहिला. मृण्मयीनं मान वर केली. ती रडत होती आणि हसत होती, आणि अच्युतचे डोळे आज उघडे होते.

॥ ॥

“चोर सापडला,” दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावर म्हणाल्या. “आता जेवण कीर्तनाच्या चार तास आधी, आणि जळजळीला मी देते ती गोळी. बीजांची नवी खेप पिकायला तीन महिने लागतील. तोवर धीर धरा. माझं मत विचाराल तर फार वाट बघावी लागणार नाही.”

नवमीपर्यंतची सगळी कीर्तनं झाली. सगळी खालच्या पट्टीत. लोक म्हणू लागले, गोविंदबुवांच्या आवाजानं अंगावर काटा यायचा, याच्या आवाजानं मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं. टपरीवर तरुण पोरं एकमेकांना विचारू लागली, “सोडा घेतलास काय रे आज?” आणि दोन घरांतले मुलगे, ज्यांच्या बायका वर्षानुवर्षं उपास करत होत्या, एका सकाळी गुपचूप मिरजेच्या बसमध्ये बसलेले दिगूकाकांना दिसले. काकांनी त्या वेळी मात्र तोंड उघडलं नाही.

नवमीला डॉक्टरीणबाई स्वतः सुंठवड्याला आल्या. बारा वाजले. गुलाल उधळला, घंटा सुरू झाल्या, अच्युतनं पाळण्याचा सूर धरला. सुनंदाबाईंनी रेशमी दोरी हातात घेतली. पहिला झोका दिला नाही. दोरी तशीच धरून त्यांनी गर्दीवरून मागं नजर टाकली.

“मृण्मयी,” त्यांनी हाक मारली. “परात ठेव खाली. ये.”

मृण्मयी खांबापाशी होती. तिला वाटलं, सुंठवडा पुढं न्यायचाय. ती परात घेऊनच निघाली, तेव्हा बनूमावशीनं ती तिच्या हातातून काढून घेतली. बायकांनी वाट दिली. तिची कूस अजून रिकामीच होती, कडेवर कुणी नव्हतं, आणि तरी कुणी काही म्हणालं नाही.

सुनंदाबाईंनी दोरी तिच्या मुठीत दिली आणि त्या मुठीवर आपला हात ठेवला. अच्युतच्या मनगटावर, झांजेच्या किंचित खाली, ठिपका मृण्मयीच्या चुड्यासारखा हिरवा होता. तिनं उत्साहाच्या भरात दोरी जोरानं ओढायला घेतली, तशी सासूची बोटं तिच्या मुठीवर अलगद दाबली गेली.

“हळू गं,” सुनंदाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. “निजलंय. आत्ता उठवायचं नाही. आपल्या वेळेला उठेल.”

दोघींनी मिळून पहिला झोका दिला.